थंडीचे टायर

आमचे आबा गाडीच्या टायरला हात लावून बघत. तळहात नाही, उलटा हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. गाडी कुठेही थांबली की आधी खाली उतरायचं, धोतराचा सोगा वर घ्यायचा, चारही टायरांना असा हात लावायचा आणि मग समोरच्याशी रामराम. लग्नाच्या मांडवाशी गाडी थांबली तरी तेच. नवरदेव आत खोळंबलेला, वाजंत्री वाजवून वाजवून दमलेले, आणि आबा वाकून टायरशी बोलताहेत.

आबा म्हणजे माझे सासरे. धुळे-चाळीसगाव रस्त्यावर आमचं गाव. गावात ती एकच अँबॅसिडर, पांढरी, जुनी घेतलेली. कुणाला सिव्हिलला न्यायचं असो, कुणाची वरात असो, आबांच्या गाडीशिवाय होत नसे. शेती कपाशीची होती, पण आबांचा जीव गाडीत, आणि गाडीतही टायरांत.

मी लग्न होऊन आले ती कन्नडकडून, घाटाच्या वरून. माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये तो घाट. मला त्या घाटाची भीती वाटे. भीती म्हणजे नुसती छातीत धडधड नाही. पहिलं वळण आलं की हात गार पडायचे, कानात वारा भरल्यासारखं व्हायचं, श्वास अर्ध्यावर अडकायचा. लहानपणी त्या घाटात एक ट्रक खाली गेलेला मी पाहिला होता. कठडा फुटलेला आणि खोल खाली झाडांत अडकलेली ताडपत्री. हे मी सासरी कुणालाही सांगितलं नव्हतं. नव्या सुनेने काय काय सांगावं? डोक्यावर पदर घेऊन मागच्या सीटवर बसायचं आणि पदराच्या आत ओठ चावायचे.

आबांकडे टायरांचे दोन जोड असत. उन्हाळ्याचे आणि थंडीचे. साऱ्या खानदेशात थंडीचे टायर ठेवणारा हा एकच माणूस असेल. दिवाळी झाली की झिजलेले टायर उतरवायचे आणि खोल नक्षीचे चढवायचे, होळीनंतर पुन्हा उलट. पारावरची मंडळी सोडतात होय? "काय आबा, गाडीले थंडी वाजस का?" कुणी म्हणायचं, "स्वेटर पण विणून घ्या तिला."

आबा शांतपणे म्हणायचे, "गाडीले नही वाजत. रस्ताले वाजस."

त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला पुढे कळलं. थंडीत आमच्याकडे गव्हा-हरभऱ्याला पाणी भरतात. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर शेतातली काळी माती चाकाला घेऊन डांबरावर येतात. त्यावर पहाटेचं दव पडलं की रस्ता लोणी लावल्यासारखा होतो. उन्हाळ्यात गुळगुळीत टायरही डांबराला धरून राहतं. थंडीत मात्र नक्षी खोल लागते आणि रबर मऊ लागतं. आणि वर घाटात धुकं.

टायर घ्यायला ते स्वतः धुळ्याला जात, आग्रा रोडवर. एका वर्षी मला दातासाठी धुळ्याला न्यायचं होतं म्हणून मीही गाडीत होते. दुकानासमोर बसून मी पाहत होते. आबांनी एकेक टायर उन्हात आणायला लावलं. कडेवरचा नंबर बोट फिरवून वाचला. पाच नव्वद पंधरा. पाच नव्वद ही रुंदी, पंधरा ही रिंग. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. एका टायरमध्ये नख रुतेना. "हे दुकानातच म्हातारं झालं," म्हणून बाजूला सारलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आबा, सून बघताना तरी एवढा वेळ घेतला होता का?"

"सून वळणावर घसरत नाही," आबा म्हणाले. मग गाडीकडे पाहून आवाज खाली आणला. "आणि बसलेली आहे तिथे. ऐकू येतं तिला."

पदराआड मला हसू आलं होतं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी अशी मोकळी हसले असेन.

आबांबरोबर माहेरी जाताना घाटात फार वेळ लागायचा, कारण दर एक-दोन वळणांनंतर आबा गाडी बाजूला घेत. "टायर गरम व्हई गयं. जराक थांबूत." मग उतरायचं, उलटा हात लावायचा, मान हलवायची. मलाही म्हणत, "उतर बेटा, पाय मोकळे कर." मी उतरायची, डोंगराच्या बाजूला तोंड करून उभी राहायची, फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायची. श्वास जागेवर यायचा. तोवर आबा टायरशीच असायचे, माझ्याकडे पाठ करून.

माझ्या यजमानांना, घरात ज्यांना सगळे भाऊ म्हणत, या थांबण्याची चीड होती. "चालवायची भीती वाटते ना, मग सोडा ना गाडी," ते म्हणायचे. गावातही पसरलं होतं, टायरआबा घाटाला भितो. आबा हसून सोडून द्यायचे.

अशाच एका पौषातल्या सकाळी आबांनी घाटात गाडी थांबवली. टायर गरम झालं म्हणाले आणि कठड्याकडे गेले. मी उतरले. का कोण जाणे, वाकून मी पुढच्या टायरला उलटा हात लावला. टायर गार होतं. दव पडलेल्या दगडासारखं गार. मी हात काढून घेतला आणि गाडीत जाऊन बसले. आबांनी परत येऊन गाडी सुरू केली. पुढच्या दुसऱ्या वळणावर पुन्हा म्हणाले, टायर गरम झालं. मी उतरून डोंगराकडे तोंड करून उभी राहिले. पण त्या दिवसापासून मला माहीत होतं, की तो भित्रेपणा कुणाचा होता आणि बोल कुणाला लागत होता. आणि तरी मी गप्प राहिले.

पुढच्या दिवाळीनंतर आबांना खोकल्याने धरलं. अंथरुणावरून ते सारखे सांगत होते, थंडीचे टायर झिजलेत, नवे पाहिजेत. भाऊ गेले धुळ्याला. परत आले ते पुढे दोन नवीकोरी रुंद टायरं चढवूनच. आपला नंबर दुकानात नव्हता म्हणून सहा चाळीस पंधरा आणली होती. रिंग तीच, रुंदी जास्त. भाऊंचा चेहरा खुशीत होता. त्यांचं गणित शेतकऱ्याचं होतं. आमच्याकडे काळ्या मातीत अरुंद चाकाचं बैलगाडं रुततं, मोटारीची जुनी रुंद टायरं लावलेलं गाडं वरून निघून जातं. म्हणजे टायर जितकं रुंद तितकं चांगलं. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

आबा शाल गुंडाळून ओट्यावरून गाडीशी आले. बराच वेळ पुढचं चाक आणि वरचा पत्रा यांमध्ये बोटं घालून पाहत राहिले.

"गाडाले मडगार्ड राहस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मग?"

"गाड्याचं चाक आडवं वळत नाही, भाऊ. त्याला वर पत्रा नाही. हे घाटात वळलं की घासेल."

"घासलं तर घासलं. थोडं घासून बसेल जागेवर," भाऊ म्हणाले. विषय संपला.

आठवडा झाला नसेल, माहेरहून निरोप आला. आईला जास्त झालंय, लवकर या. त्या सकाळी मला टायर दिसत नव्हतं, रुंदी दिसत नव्हती, फक्त आई दिसत होती. भाऊ चालवायला बसले. आबांना घरी राहा म्हटलं तर ऐकेनात. खोकत खोकत पुढे भाऊंच्या डाव्या हाताला बसले. तेव्हाच्या गाडीला पुढे बाकासारखी सलग सीट असायची. मी मागे. डिकीत आबांनी हट्टाने एक जुनं पाच नव्वदचं चाक टाकून घेतलं.

चाळीसगाव सुटलं आणि धुकं लागलं. घाटाच्या पायथ्याशीच पुढचं काही दिसेना. पहिल्या मोठ्या वळणावर पुढून आवाज आला. खर्रर्र. गाडी सरळ झाली की थांबायचा, वळली की पुन्हा. मग वास यायला लागला, जळक्या रबराचा.

"भाऊ, थांब. टायर गरम झालं," आबा म्हणाले.

भाऊ हसले. "तुमचं टायर रोजच गरम होतं, आबा. तिची आई तिथे वाट बघतेय."

माझ्या मनात आलं, सांगावं. ओ, थांबवा. माझ्यासाठी थांबवा. आबांसाठी नाही. पण मी पदराआड ओठ चावले. हात गार पडले होते. काचेबाहेर डावीकडे काहीच नव्हतं, झाड नाही, जमीन नाही, नुसता पांढरा पडदा, आणि त्याच्याखाली काय आहे ते मला माहीत होतं. मी मोठमोठ्याने श्वास घेत असणार, कारण आबा सीटवर पूर्ण मागे वळले. त्यांनी सीटच्या पाठीवरून दोन्ही हात मागे केले.

मी ते धरले.

सासऱ्याचे हात. ज्या माणसासमोर मी कधी पदर ढळू दिला नव्हता, त्याचे दोन्ही हात मी बुडणाऱ्या माणसासारखे आवळले. आबा हळू म्हणत होते, "काही नही बेटा, काही नही." आणि तेव्हाच तो आवाज झाला.

डावं पुढचं टायर फुटलं. गाडी हिसका देऊन दरीकडे ओढली गेली. भाऊ ओरडले. दगडाला धडक बसली, काच तडकली आणि सगळं थांबलं. कठड्याचा एक दगड खाली जाताना ऐकू येत राहिला. खूप वेळ ऐकू येत राहिला.

आम्ही वाचलो. मागून आलेल्या केळीच्या ट्रकवाल्यांनी गाडी ओढून रस्त्यावर घेतली, जुनं चाक चढवून दिलं. आबांनी तेवढ्यात पत्र्याच्या आतून हात फिरवला. हात काळा होऊन बाहेर आला. "ते आपला नंबरनं नव्हतं," एवढंच ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. भाऊ कठड्यावर बसून ट्रकवाल्याला सांगत होते, "म्हातारा घाबरला हो. स्टिअरिंग ओढलं डावीकडे. माझ्या हातातून ओढून घेतलं."

ते खोटं बोलत नव्हते. चाक डावीकडे खेचलं गेलं होतं, डावीकडे आबा बसले होते. त्यांना तसंच वाटलं.

माहेरी पोचलो. आई उठून बसली होती, त्या खेपेला तरली. ओसरीवर माणसं जमली आणि भाऊंनी तेच पुन्हा सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "अहो आबा, घाटात स्टिअरिंगला हात लावतात का?" मी चहा घेऊन आले होते. आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

एक वाक्य होतं. आबांचे दोन्ही हात माझ्या हातात होते. पण ते वाक्य त्या ओसरीवर, माझ्या काका-मामांसमोर, त्या काळात कसं बोलायचं? सुनेने सासऱ्याचे हात धरले. उद्या त्याचं काय झालं असतं? मी पदर पुढे ओढला आणि चहा ठेवला. आबांनी नजर खाली घेतली. तेही बोलले नाहीत. बोलले असते तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

त्यानंतर गाडीची किल्ली खुंटीवरून भाऊंच्या खिशात गेली. बाळंतिणीला न्यायला माणसं यायची तेव्हा आधी विचारायची, "चालवणार कोण? आबा नाही ना?" आबा ओट्यावर बसून ऐकायचे. थंडीचे टायर गोठ्यात पडून राहिले आणि एक दिवस बैलांच्या गाड्याला लागले. मी त्यांच्यासमोर जेवणाचं ताट ठेवायची, पाणी ठेवायची. रोज वाटायचं, आज सांगू. पारावर नाही तर निदान भाऊंना. रात्री ते झोपले की मनात वाक्य जुळवायची आणि सकाळी मोडायची.

आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. भाऊंना मी सांगितलं ते गेल्या थंडीत. मुलाच्या गाडीला टायर घ्यायचं चाललं होतं आणि भाऊ हसत हसत तीच गोष्ट सांगत होते, म्हातारा कसा घाबरला. मी म्हटलं, "घाबरले नव्हते. मी घाबरले होते. त्यांचे दोन्ही हात माझ्याकडे होते." भाऊ उठून गोठ्याकडे गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" त्यांना सांगून झालं, पण ती गोष्ट पारावरून केव्हाच गावभर गेली होती. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी ज्यांनी पारावर ती गोष्ट ऐकली आणि हसून पुढे सांगितली, त्यांच्यासाठी.

एक सांगायचं राहिलं. त्या घाटानंतरच्या वर्षी आई गेली. भाऊ बाहेरगावी होते, गाडी त्यांच्याकडे. मला एकटीने एस्टीने जायचं होतं. पहाटेची थंडी होती. आबा काठी टेकत फाट्यापर्यंत आले. बस थांबली, मी चढले, खिडकीशी बसले. हात गार पडायला सुरुवात झाली होती. खाली आबा बसच्या पुढच्या चाकाशी वाकले होते. ड्रायव्हर वरून ओरडला, "ओ बाबा, काय करताय? सरका." कंडक्टर हसला. आबांनी घाई केली नाही. एका टायरला उलटा हात लावला, मग मागच्या टायरला. मग माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. इतकी वर्षं ते मला टायर गरम आहे म्हणून सांगत आले होते. त्या दिवशी थांबवायला ते बरोबर येणार नव्हते.

"थंडं शे," ते म्हणाले. "जाय बेटा."