मागच्या सीटचा रकाना

विलास गेला हे कळवायला मी फोन करत होते, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. "बाइकवर होता का?" नाही हो, बाइकवर नव्हता. मुलुंडमध्ये घराजवळच्या हॉस्पिटलात, सकाळी नर्स सलाइन बदलत असताना गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग. कळल्यापासून जेमतेम अकरा आठवडे मिळाले. तरी समाचाराला आलेले निम्मे लोक पार्किंगमधल्या त्या गाडीकडे संशयाने बघतच लिफ्टमध्ये शिरत होते. आता दीड महिना उलटलाय, तेव्हा स्पष्टच लिहिते. त्या गाडीने माझ्या नवऱ्याला मारलेलं नाही. उलट पन्नाशीनंतरची आमची सगळ्यात चांगली वर्षं तिच्यावरच गेली, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

विलास सिमेंट-काँक्रीट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबायचे आणि कोणता किती दाबाला फुटतो ते लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. मी त्याच ऑफिसात आस्थापना विभागात होते, म्हणून लग्नाआधीपासूनच आमचं अरेतुरे. पन्नासाव्या वर्षी त्याने लांब पल्ल्याची ती स्पोर्ट-टूरिंग मोटरसायकल घेतली, आणि रविवारच्या चहावर बाइकवाल्या मित्रांशी त्याची भांडणं सुरू झाली. कोणता टायर भारी, यावरून. कुणी म्हणालं, "हा टायर एकदम झकास वाटतो यार," की हा उखडायचा. "वाटतो म्हणजे काय? मोजलंस का?" शेवटी त्याने स्वतःच दोन जोड्यांची तुलना करायचं ठरवलं. एक मऊ रबराची, एक कडक. दोन्हींना रस्ता तोच, मुलुंड ते माळशेज घाट. हवा तेवढीच, भारही तेवढाच. दर हजार किलोमीटरला तो पार्किंगमध्ये उकिडवा बसून टायरच्या खाचांची खोली मोजायचा, मध्ये आणि दोन्ही कडांना. सगळं एका लांबट वहीत, रकाने आखून. शेवटचा रकाना माझा होता. त्यावर त्याने लिहिलं होतं, 'मागची सीट'. "झीज मी मोजतो," तो म्हणाला, "पण गाडी वळते कशी, ते तू सांगायचं. चालवणारा स्वतःला फसवतो गं. मागे बसलेलं माणूस नाही फसवत." आणि प्रयोगशाळेतला एक नियम त्याने मलाही लावला. लिहिलेली नोंद खोडायची नाही. चुकली असेल तर खाली नवीन लिहायची.

मऊ जोडी घाटात फार शहाण्यासारखी वागायची. मनात आणायचा अवकाश, गाडी झुकलेली असे. पण आमच्या द्रुतगती महामार्गाच्या सरळसोट काँक्रीटने तिचा मधला भाग घासून चपटा केला आणि कडा मात्र नव्याच्या नव्या राहिल्या. एकदा मी रकान्यात लिहिलं, 'वळताना पायरी चुकल्यासारखं होतं.' त्याने घरी येऊन खाचा मोजल्या, तर मध्ये रबर जवळजवळ संपलेलं. इतका खूश झाला की पुढच्या फेरीला मुरबाडला मला दोन प्लेट भजी खायला घातली. बाकीच्या बायकांना नवरे काय काय देतात... मला भजी मिळाली, आणि माझा शब्द मोजमापाच्या बरोबरीचा मानला गेला. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग कडक जोडी आली. झिजायचं नावच घेईना. सकाळी थंड असताना थोडी हट्टी वाटायची, पण एकदा गरम झाली की काही तक्रार नव्हती. आणि चौथ्या फेरीला घाटात गाडी बिघडलीच. वळणावर झुकायला उशीर, मध्येच अडखळणं, बाहेरच्या कठड्याकडे सरकणं. मी घाबरून त्याचं जॅकेट गच्च धरलं होतं. वर टपरीवर चहा हातात घ्यायच्या आधी मी वही मागितली आणि ठणकावून लिहिलं, 'वळायला उशीर करते. भरवसा नाही. ही जोडी नको.' एरवी तासभर वाद घातला असता त्याने. त्या दिवशी वाचून नुसतं म्हणाला, "लिहिलंस ना? राहू दे." मला वाटलं, मी जिंकले. तीन आठवड्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले.

तेरावं झाल्यावर माझे मोठे दीर म्हणाले, "शुभा, विकून टाक गो ती गाडी. घाटकोपरचो एक गिऱ्हाईक आसा. आता कोण चालवतलो ती?" कागदपत्रं काढली, त्यांच्याबरोबर वही निघाली. मी आजवर फक्त माझा रकाना वाचत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ओळी वाचल्या. भार सारखा हवा म्हणून तो दर फेरीला आमची वजनं लिहायचा. मागची सीट एकसष्ट, बासष्ट, बासष्ट. माझं इमानाने वाढत होतं. कडक जोडीच्या चार फेऱ्यांत स्वार मात्र अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर, एक्काहत्तर, सहासष्ट... आणि मी मूर्ख, त्याच्या पँट सैल झाल्या म्हणून माझ्या ज्वारीच्या भाकरीचं कौतुक करत होते. माझ्या त्या ठणकावून लिहिलेल्या निकालाखाली त्याच्या बारीक अक्षरात होतं, 'टायरमध्ये दोष नाही. चालवणाऱ्याच्या हातात जोर नाही. शुभाला अजून सांगितलेलं नाही.' मी संतापले. अजूनही संतापलेलीच आहे. तीन आठवडे, विलास! मला सांगितलं असतंस तर ते तीन आठवडे तरी मी तुझ्याशी भांडले नसते.

पण एक गोष्ट मला पक्की कळली. मागच्या सीटचा शेवटचा निकाल चुकीचा होता, आणि तो तसाच ठेवून ती वही बंद होऊ द्यायची नव्हती. मी दिरांना सांगितलं, "भाऊजी, गाडी विकायची नाही. तुलना अर्धी राहिली आहे."

"अगो, पण चालवतलो कोण?"

"मी आहे ना काका," आमची ऋता म्हणाली. तिला बापानेच याच गाडीवर शिकवलंय.

"दोन म्हयने नाय झाले. लोक काय म्हणतले?"

"म्हणू देत," मी म्हणाले. सुतकात असल्यासारखी वर्षभर घरात बसलेली मी विलासला मुळीच आवडले नसते.

ऋता बासष्ट किलोची. भार जुळेना. तेव्हा तिनेच गॅलरीतले दोन ठोकळे उचलून आणले. निवृत्त होताना विलासने प्रयोगशाळेतून आठवण म्हणून आणलेले, आठ-आठ किलोचे, न फोडलेले. त्यावर आमची तुळशीची कुंडी असायची. एकेक ठोकळा गाडीच्या दोन बाजूंच्या पेट्यांत गेला आणि गेल्या रविवारी आम्ही निघालो. मुरबाड मागे पडलं. घाटातलं पहिलं वळण आलं, ऋताने हँडल दाबलं आणि गाडी लगेच झुकली. दुसऱ्या वळणाला तशीच, मग तिसऱ्याला. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने रडत होते, आणि ऋताला ते ऐकू येत असणार, पण तिने वेग कमी केला नाही.

वर टपरीवर ऋताने वही पुढे केली. जुनी ओळ मी खोडली नाही. खाली लिहिलं, 'वेळेवर वळते. दोष नव्हता.' मग सवय नव्हती तरी उरलेले रकाने वाचले. ते सकाळी निघायच्या आधीच तिने भरून ठेवले होते. मागची सीट, साठ. दुःखात दोन किलो गेले होते माझे. आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, बापासारख्याच बारीक अक्षरात... स्वार, अठ्ठ्याहत्तर.