मंगळवारी सुरू झालेला बंब

आमच्या घाटंजीत शनिवार ओळखायला कॅलेंडर लागत नसे. सकाळी आठला कापसाच्या जिनिंगच्या आवारातून आगीच्या बंबाचा आवाज सुरू व्हायचा, तो बरोबर दहा मिनिटं. पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणायच्या, अगं बाई, आज शनिवार.

तो बंब माझे बाबा सुरू करायचे. जिनिंगमध्ये ते फिटर होते, सरकी काढणाऱ्या रेच्यांपासून गाठी बांधणाऱ्या प्रेसपर्यंत सगळं त्यांच्याकडे, पण खरा जीव त्या बंबात. चौघांनी उचलून न्यायचं परदेशी यंत्र होतं ते. लोखंडी चौकटीत एका बाजूला पाणी फेकणारा पंप, दुसऱ्या बाजूला इंजिन. कापसाच्या गंजीला आग लागली की तिला काही मिनिटं पुरतात, म्हणून बाबांनी एक नियम बसवला होता. शनिवारी बंब वाजला तर ती चाचणी. दुसऱ्या कुठल्याही वारी वाजला तर आग. मग हमाल असो की मजूर बाई, रेजा, जिथं असेल तिथून बादली घेऊन यायचं आणि हौदापासून गंजीपर्यंतच्या रांगेत आपापल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. आमच्या घरीसुद्धा दाराशी भरलेली बादली असायची. मी तिला रोज एकदा तरी ठेचकाळायची आणि रोज चिडायची.

मग कापसाचे दिवस फिरले. अर्धा बोंडअळीनं खाल्ला, उरलेला भावानं. गाड्या येईनाशा झाल्या आणि शेठनं जिनिंगला कुलूप लावलं. माणसं पांगली. कुणी वणीला कोळशाच्या गाड्या भरायला गेलं, कुणी स्टँडवर चहाची टपरी टाकली, कुणी भाजी घेऊन बसलं. बाबा मात्र शेठकडून लहान फाटकाची किल्ली मागून घेऊन दर शनिवारी जाऊन बंब चालवत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. एके दिवशी मी रागानं बोलून गेले, की रिकाम्या जिनिंगमध्ये कसली आग विझवता? माझी जीभ तेव्हा अशीच होती, आणि मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

मी गावच्या वाचनालयात काम करायची. तिथं एक दिवस आमच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या मासिकांचे चार गठ्ठे पाठवले. बाई म्हणजे तालुक्यातली निम्मी माणसं ज्यांच्या हातून जन्माला आली त्या. आता दवाखाना बंद करून नागपूरला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या आणि घर आवरत होत्या. त्यांच्या वारलेल्या यजमानांना मोटारींचं भारी वेड होतं. त्यांनी मुंबईहून आणलेली एक जुनी जर्मन गाडी बाईंच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती, पाठीला कुबड असलेली, साईच्या रंगाची. सगळं गाव तिला कासव म्हणे. चार वर्षांपूर्वी तिचं इंजिन तडकलं तेव्हापासून ती हलली नव्हती.

मासिकं इंग्रजी होती, मोटारींची होती. आमचे सेक्रेटरी म्हणाले, रद्दीत टाका. कुणी टाका म्हटलं की मला ठेवावंसं वाटतं, म्हणून मी ती वाचायला बसले. एका लेखात कासवाचा फोटो निघाला. लेख दोन जर्मन कंपन्यांबद्दल होता. एक साध्या माणसांसाठी ही गोल गाडी बनवायची, दुसरी श्रीमंतांसाठी शर्यतीच्या गाड्या. पण दोघींच्या इंजिनाचं मूळ एकच. सिलिंडर उभे नाहीत, आडवे. दोन इकडे, दोन तिकडे, आणि पिस्टन आखाड्यातल्या जोडीसारखे समोरासमोर. शर्यतवाल्यांनी आपली पहिली गाडी या स्वस्त गाडीचंच इंजिन उसनं घेऊन, त्याला जरा तालीम देऊन उभी केली. पुढं दोघींनी मिळूनही एक गाडी काढली. शेवटी बारीक अक्षरात होतं, की हेच इंजिन सुटंही विकलं जाई आणि दुसऱ्या कंपन्या ते आगीच्या पंपांना बसवत. शेजारी इंजिनाचं चित्र होतं. ते पाहून मी ताठ बसले. बाबांना डबा द्यायला जायची तेव्हा हे तोंड मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

संध्याकाळी मासिक बाबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा आपला बंब होय." मी सगळा लेख मराठीत करून वाचून दाखवला. ते बराच वेळ हसत होते. "म्हंजे बाईची गाडी, त्या पैसेवाल्यायची गाडी अन् आपला बंब, सारे एकाच मायचे लेकरं होत."

त्याच आठवड्यात बातमी आली, की शेठनं जिनिंगचं सगळं लोखंड वणीच्या भंगारवाल्याला दिलं. मंगळवारी ट्रक येणार. बाबा जेवता जेवता उठले. कामावरून घरी बसले तेव्हा ते इतके खचले नव्हते. "बंबावर घन पडलेला मले पाहवनार नाही," एवढंच बोलले आणि अंगणात जाऊन बसले. ते इंजिन फुटलं असतं तर आपण इतकी वर्षं काही केलं होतं, याची शेवटची खूण गेली असती.

दुसऱ्या दिवशी मासिक काखेत मारून ते शेठकडे गेले. शेठ हसला आणि म्हणाला, ट्रक यायच्या आत हे इंजिन एखाद्या गाडीत बसून माझ्या फाटकाबाहेर चालत गेलं तर ते तुझं, नाही गेलं तर ट्रकचं. मग बाबा बाईंकडे गेले. कासवालाही तोच भंगारवाला मागून गेला होता. बाई म्हणाल्या, "गाडी तर मेलेलीच आहे. तुम्ही आणखी काय बिघडवणार? करा."

कासवाला बैलजोडी लावून जिनिंगमध्ये ओढत आणलं. मी रजा टाकली आणि मासिक घेऊन स्टुलावर बसले, कारण बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला पाना धरता. या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला असतं आणि मोठ्या चार बोल्टांवर तोललेलं असतं. चार बोल्ट काढल्यावर जुनं इंजिन खाली आलं. बंबापासून पंप वेगळा झाला. जुन्या इंजिनाचा क्लच नव्यावर चढवला आणि सोमवारी दुपारी बंबाचं इंजिन सरकवत गाडीत नेलं. भोकासमोर भोक आलं. गाडीवर आणि बंबावर नावाची पाटी वेगवेगळ्या कंपनीची, आणि सुताचाही फरक नाही. बाबांनी पहिला बोल्ट हातानंच फिरवून बसवला.

भांडण झालं ते गव्हर्नरवरून. पंपाच्या इंजिनाने ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ नये म्हणून त्यावर हा पुर्जा असतो, आणि त्याला शिशाचं सील होतं. मी म्हटलं, तोडा ते सील, नाहीतर गाडी बैलगाडीच्या मागं राहील. बाबा म्हणाले, सीलला हात लावायचा नाही असं कंपनीच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इतक्या वर्षांत लावला नाही, आता कायले लावू? मी पुष्कळ वाद घातला. सील राहिलं.

मंगळवारी सकाळी शेठ खुर्ची टाकून बसला. बाई स्टिअरिंगवर, बाबा शेजारी. मी आणि चौकीदारानं ढकललं. इंजिन दोनदा शिंकलं आणि लागलं. मी धावत मागच्या सीटवर चढले आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. बाई पेडल दाबत होत्या, पण आवाज एका सुरावर चढला आणि तिथंच थांबला. हाच तो शनिवारचा सूर. बाई म्हणाल्या, अजून जोर नाही का? बाबा अभिमानानं म्हणाले, नाही, इतकाच.

स्टँडच्या वळणावर मला चहावाला दिसला. दुधाचं पातेलं तसंच टाकून तो बादली घेऊन आमच्या उलट दिशेनं पळत होता. त्याच्या मागं भाजीवाली, हातात ओलं पोतं. मग न्हाव्याच्या दुकानातून एक जण निघाला, अर्ध्या तोंडाला साबण. मला काही कळेना. बाबांना आधी कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "बाई, गाडी वापस घ्या," ते म्हणाले. "आज मंगळवार होय."

आम्ही आवारात परतलो तेव्हा रांग लागलेली होती. पडीक हौदातल्या गुडघाभर हिरव्या पाण्यात पहिला माणूस उभा, त्याच्यापासून थेट गंजीच्या ओट्यापर्यंत सगळे आपापल्या जागी. ओट्यावर कापसाचं बोंडही नव्हतं. भंगारवाल्याचा ट्रक येऊन पोहोचला होता, पण रांग आडवी असल्यामुळं फाटकाच्या आत एका बाजूला अडून उभा होता. शेठ खुर्चीवरून उठून उभा होता.

बाबा उतरले आणि शनिवारी बंब तपासायचे तसे एकेकाला पाहत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. वणीला गेलेल्या एका हमालाची जागा तेवढी रिकामी असायला हवी होती. तिथं त्याची बायको उभी होती, बादली घेऊन. तिच्यापुढं बाबा थांबले. त्यांना रडू आलं. मलाही आलं.

"आग नाही लागली," ते म्हणाले. "घरी जा सारे."

"मंग बंब काहून चालू केला, फिटरभाऊ?" हौदातल्या माणसानं विचारलं.

बाबांनी नुसतं कासवाकडे बोट दाखवलं. ते खाली उतरलेल्या बाईंच्या मागं गुरगुरत उभं होतं. मग जे हसणं सुटलं ते शेठपर्यंत पोहोचलं. भाजीवालीनं मात्र बाबांना चांगलं झापलं, तिची टोपली गाईनं साफ केली होती. शेठनं शब्द पाळला. ट्रकमध्ये लोखंडी चौकट गेली आणि पंप गेला, इंजिन राहिलं. त्या संध्याकाळी दाराशी ठेवायची बादली मी न सांगता भरली. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, काठापर्यंत नाही भरायची, सांडते.

बाई कासवातूनच नागपूरला गेल्या. सील तसंच होतं, त्यामुळं अख्खा दिवस लागला. पण तिथून त्यांनी एक रीत पाडली. दर शनिवारी आठला वाचनालयाचा फोन वाजायचा. बाई काही बोलायच्या नाहीत, फोन गाडीजवळ नेऊन धरायच्या. बाबा उभ्यानंच ऐकायचे, बराबर आहे म्हणायचे आणि फोन ठेवायचे. तिथून ते स्टँडवर चहाला जात. टपरीवर जिनिंगमधले दोघं-चौघं वाट पाहतच असायचे, आणि कुणीतरी विचारायचंच, काय म्हणते बंब?

बाबा बशीत चहा ओतत सांगायचे, "नागपुरात आग नाही."