शिट्टी कोण वाजवणार?

माझ्या मावशीच्या गळ्यात मी दागिना कधी पाहिला नाही, शिट्टी मात्र कायम. निळ्या नाडीला बांधलेली, पत्र्याची, आतली गोळी झिजून बारीक झालेली. रंगाच्या डब्यांच्या एका गोडाऊनमध्ये ती मागच्या फाटकावर कामाला होती. आलेले ट्रक रिव्हर्समध्ये घेऊन माल उतरवायच्या ओट्याला नीट लावून देणं, हे तिचं काम. ट्रकच्या मागे उभं राहायचं, एक हात वर, तोंडात शिट्टी. आखूड आखूड शिट्ट्या म्हणजे येऊ द्या, मागे मी आहे. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, जागच्या जागी. दिवसभर शिट्टीनं ती एवढंच बोलायची. उरलेलं सगळं तोंडानं.

आणि त्या तोंडाबद्दल काय सांगावं! एखाद्या ड्रायव्हरचा ट्रक जरा तिरका आला की सुरू. "अहो, आरसे काय भांग पाडायला दिलेत का?" "ट्रक लावताय की पाळणा हलवताय?" एक चांगला दांडगा, मिशाळ ड्रायव्हर होता. तो मागे येताना इतका हळू यायचा की ओट्यावरचे हमाल तोवर एक डुलकी काढून घ्यायचे. त्याचं नाव तिनं गोगलगाय ठेवलं. पाठीमागे नाही, तोंडावर. "या गोगलगाय, या, तुम्ही पोचेपर्यंत डब्यातला रंग वाळेल," असं ती म्हणायची आणि तो खिडकीतून डोकं काढून हसत म्हणायचा, "आलो मावशी, आलो." तिच्या बोलण्याचा राग कुणाला आल्याचं मी ऐकलं नाही. पण तिच्या तावडीतून सुटलेलाही कुणी नव्हता.

घरीसुद्धा हाच कारभार. मावशीचे यजमान, आमचे काका, शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, पुढच्या खोलीत, मान खाली घालून, बोटांना तेल लावून. मशीन चालू असलं की हाक ऐकू येत नाही, म्हणून मावशी स्वयंपाकघरातून शिट्टी फुंकायची. आखूड आखूड म्हणजे जेवायला या. लांब म्हणजे जे काय चाललंय ते पुरे. शेजारच्या घरातलेही आखूड शिट्टी ऐकली की हात धुवायला उठायचे, इतकी सगळ्यांना सवय झालेली. काका या शिट्टीवर कधी काही बोलले नाहीत. ते एकूणच कशावर फारसं बोलत नसत. दोघांच्या वाटणीचं मावशी बोलायची, त्यामुळे घरात शब्दांची टंचाई अशी नव्हती.

अशा या मावशीला गोडाऊनच्या साहेबांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावलं. ड्रायव्हर मिळेनासे झाले होते. कंपनीनं ठरवलं होतं की आपल्याच माणसांतून कुणाची तयारी असेल तर त्याला ट्रक शिकवायचा, खर्च कंपनीचा. शिकायला दुसऱ्या शहरात जाऊन राहायचं, लायसन मिळालं की लांबच्या फेऱ्या. "हलक्या गाडीचं लायसन तुमच्याकडे आहेच," साहेब म्हणाले. "आणि ट्रक कुठे किती वळतो हे इथं तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? शनिवारपर्यंत सांगा."

हलक्या गाडीचं लायसन होतं हे खरं. काकांची मशिनं पोचवायला घरात एक जुना टेम्पो होता आणि तो मावशीच चालवायची. काका शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे.

मला वाटलं, मावशी त्याच पावली उडी मारून हो म्हणून आली असेल. कसलं काय. ती घरी आली आणि गप्प. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, मात्र बातमी ऐकताच सुटली. "ह्या वयात? तुला चष्मा लागलाय, गुडघा कुरकुरतो, आणि तू ट्रक हाणणार? कुठंतरी रस्त्याच्या कडेला टायर बदलत बसशील आणि आम्ही इथं देव पाण्यात घालून बसू." मावशीनं काकांकडे पाहिलं. काकांनी एका मशीनचा पट्टा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला, आणि म्हणाले, "तुझं तू ठरव."

ज्यांनी संसार केलाय त्यांना माहीत असेल, की या तीन शब्दांइतकं धोक्याचं वाक्य घरात दुसरं नाही. त्याचा अर्थ हो असतो, नाही असतो, मला विचारूच नको असतो, आणि मला आधी का नाही विचारलंस असाही असतो. मावशीनं त्या दिवशी शिट्टी न वाजवता ताटं घेतली. शेजारचे बिचारे उपाशी राहिले असतील.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता मी तिला सरळ विचारलं, "तुला जायचंय की नाही?"

"जायचंय गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं ट्रक मागे घेते आणि फाटकातून बाहेर पाठवते. ते कुठं जातात ते एकदाही पाहिलं नाही. गोगलगाय सांगतो, घाट उतरला की पुढे सगळा समुद्र दिसतो म्हणे, एकदम. मी इथल्या इथं उभी."

"मग अडलंय कुठं?"

तिनं काकांच्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी किती बोललेय सगळ्यांना! एकाला सोडलं नाही. उद्या मी ट्रक लावायला बसले आणि तिरका गेला तर? सगळे टपून बसले असतील. भांग पाडायला दिलेत का आरसे, असं मलाच ऐकवतील." घडी खाली ठेवून ती म्हणाली, "आणि हे काही बोलेनात."

मला हसू आवरेना. अख्ख्या गोडाऊनला धारेवर धरणारी बाई स्वतःच्याच जिभेला घाबरली होती. पण तिचा चेहरा पाहून मी हसणं गिळलं, कारण ती खरोखर घाबरली होती.

साहेब हुशार. त्यांनी निरोप धाडला, की उत्तर द्यायच्या आधी एकदा गोडाऊनच्या आवारातच ट्रक चालवून बघा, कंपनीचे शिकवणारे मास्तर आलेत, ते शेजारी बसतील. मी त्या दिवशी कामावर रजा टाकून गेले. असला तमाशा चुकवणं मला परवडणारं नव्हतं.

दुपारी आवार रिकामं झालं. ओट्यावर हमाल आधीच जागा धरून बसलेले. दोन-तीन ड्रायव्हर जेवण उरकून दात कोरत उभे. ट्रक गोगलगायीचा. मागे उभं राहून हात दाखवायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा तोच पुढे झाला. मावशी चढताना पायरीवरून एकदा घसरली, दुसऱ्यांदा चढली, आणि सीटवर बसल्यावर एवढीशी दिसायला लागली. मास्तरांनी तिच्या पाठीशी उशी दिली. गळ्यातली शिट्टी तशीच.

पुढे जाताना ट्रक छान गेला. वळलाही झोकात. एका हमालानं टाळी वाजवली आणि मावशीनं खिडकीतून त्याच्याकडे जरा भाव खाऊन पाहिलं. मग रिव्हर्स. गोगलगाय मागे उभा राहून हात हलवायला लागला, या, या, अजून या. ट्रक येत होता, सरळ येत होता, मी श्वास धरून पाहत होते. ओटा जवळ आला. गोगलगायीनं दोन्ही हात आडवे केले. थांबा.

मावशीनं शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन एक लांब शिट्टी फुंकली.

ट्रक काही थांबला नाही. त्याला काय कळतंय! मावशी शिट्टी फुंकतेय, गाल फुगलेत, डोळे मोठे झालेत, पाय ब्रेकपासून कुठल्या कुठे, आणि ट्रक आपला येतोच आहे. मास्तरांनी हँडब्रेक ओढला तोवर तो ओट्याच्या रबराला दण्णकन टेकला. कडेला रचलेले रिकामे डबे घरंगळत आवारभर पळाले.

मग एक हमाल फिस्सकन हसला, आणि मग सगळं आवार. पोटं धरधरून हसले लोक. मास्तर हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. मावशी केबिनमधून उतरली ती खाली मान घालून. इतक्या वर्षांत तिला खाली मान घालून चालताना त्या आवारानं पाहिलं नव्हतं. गोगलगाय तेवढा हसत नव्हता. तो डबे गोळा करत होता.

"बोला," मावशी त्याला म्हणाली. "तुमची पाळी. घ्या बोलून एकदाचं."

"काय बोलायचं?" तो म्हणाला. "ट्रक सरळ आला की. मला असा सरळ लावायला दोन वर्षं लागली. तुमच्याच शिव्या खाऊन शिकलो."

मावशी एका पालथ्या डब्यावर बसली. मी तिला पाणी दिलं. ती घोट घेऊन बराच वेळ त्या ट्रकच्या आरशाकडे बघत राहिली.

"तुला माहितेय," ती म्हणाली, "वर बसलं की मागचं काहीच दिसत नाही. आरशात नुसता ट्रकचा कडेचा पत्रा, आणि कोपऱ्यात एवढासा हात. बस. या बाप्यांना मी ओरडत होते, दिसत नाही का म्हणून. खरंच दिसत नव्हतं गं! माझा एवढासा हात बघून एवढं धूड मागे आणत होते. माझ्या भरवशावर."

"म्हणून तर मी हळू यायचो," गोगलगाय म्हणाला. "तुम्ही मागे असायचात ना. चुकून धक्का लागला असता म्हणजे?"

मावशीनं पदरानं चष्मा पुसला. मग उठली आणि म्हणाली, "पुन्हा लावते. मास्तर, बसा." या वेळी तिनं शिट्टी काढून माझ्या हातात दिली. गोगलगायीनं हात आडवे केले, ट्रक रबरापासून वीतभर अलीकडे थांबला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी येताना तिचा चेहरा फुलला होता. तिनं दारातूनच सांगितलं, "मी जाणार. शिकणार." काकांनी मशीन थांबवलं. तेलाच्या बाटलीचं टोपण लावलं. मग म्हणाले, "मग शिट्टी कोण वाजवणार?"

"शिट्टी?" मावशी भडकली. "मी एवढी चाललेय घर सोडून, आणि तुम्हाला पडलंय ते शिट्टीचं? जेवायला तुमचं तुम्ही उठा! भूक लागल्यावर कळत नाही का?"

काका खाली मान घालून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना जेवणाचं पडलं नव्हतं, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. मावशीलाही कळलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि माझ्याकडून शिट्टी घेऊन तिनं त्यांच्या तेलकट तळहातावर ठेवली.

"हे बघा, मला परवानगी नकोय. मी ठरवलंय. पण आज वर बसले तेव्हा एक कळलं. मागे कुणी उभं असेल तरच माणूस निर्धास्त राहतो. तुम्ही मागे आहात का, एवढंच सांगा. तोंडानं जमत नसेल तर शिट्टीनं सांगा."

काकांनी शिट्टीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि शिट्टी शर्टाच्या खिशात टाकून पुन्हा मशीन सुरू केलं. मावशी उठून आत गेली. रागानं पातेली आपटण्याचा आवाजसुद्धा आला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वाटलं, त्या खिशात हात घालून शिट्टी मीच फुंकावी.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम तिच्याबरोबर निघाले. तिनं नेहमीची पिशवी घेतली. "येते हं," असं पुढच्या खोलीकडे बघून म्हणाली. काका मशीनवर वाकलेले. "हं," म्हणाले. आम्ही गल्लीतून चालू लागलो. मावशीचा हात सारखा गळ्याशी जात होता आणि रिकामा परत येत होता. कोपऱ्यावर पाण्याच्या नळाशी ती थांबलीच. "साहेबांना सांगू का," ती म्हणाली, "की अजून थोडे दिवस..."

तेवढ्यात मागून आवाज आला. पहिला नुसताच फुस्स, वाऱ्याचा. मग एक आखूड. मग दम खाऊन आणखी एक. मग आखूड, आखूड, आखूड, वेडेवाकडे, पण थांबेचनात. मी वळून पाहिलं. काका गल्लीच्या मधोमध उभे होते, पायात चप्पल नाही, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसरा हात वर. लाल झालेलं तोंड. शेजारच्या घरातून कुणीतरी हात पुसत बाहेर आलं आणि सकाळी सकाळी जेवण कसलं म्हणून गोंधळून उभं राहिलं.

मावशी वळली नाही. चष्मा काढून तिनं डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"काय हे फुंकणं!" ती म्हणाली. "मधेच दम तोडतात. एखादा बिचारा ड्रायव्हर असता तर घाबरून ब्रेक मारला असता त्यानं. आल्यावर शिकवायला हवं यांना." आणि ती गोडाऊनच्या दिशेनं अशी भरभर चालू लागली की मला तिला गाठायला पळावं लागलं.