शिडावरचे दोन शब्द

आमची होडी विकायची ठरली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पहिली वस्तू मागितली ती खडू. मी तेव्हा वीस वर्षांची होते. प्रभादेवीजवळच्या एका म्युनिसिपल शाळेत नुकती शिकवायला लागले होते, आणि खडू ही एकच गोष्ट अशी होती जी घरात फक्त माझ्यामुळे येत असे. मी तोऱ्यात चार कांड्या नेऊन दिल्या. मला वाटलं, होडीवर काही सुरेख लिहायचं असेल. अक्षर माझं चांगलं आहे, तेव्हा मलाच सांगतील. बाबा त्यातली एक कांडी घेऊन वाळूवर कललेल्या होडीखाली शिरले आणि तळाच्या एका फळीवर त्यांनी ठसठशीत फुली मारली.

"ही कुजली," ते म्हणाले.

मग दुसरी फुली. मग डोलकाठीच्या बुडाशी तिसरी. लोक वस्तू विकायला काढतात तेव्हा तिचे दोष झाकतात, आणि आमचे वडील ते पांढऱ्या खडूने दाखवत सुटले होते.

"गिऱ्हाईक पळून जाईल, बाबा," मी म्हटलं.

"उद्या भर दर्यात फळी सुटली तर तो कोणाक हाक मारतलो? आमच्यात होडी अशीच देतत. खोट दाखवून."

त्यांच्या गावची ती रीतच होती. विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने खुणा करायच्या, घेणाऱ्याने एकेका खुणेवर हात ठेवून बघायचं, आणि मगच बोलणं सुरू व्हायचं. मी शिकलेली मुलगी. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी चौथी फुली मारली.

होडी मूळची काकांची. काका तिला मालवणाहून शिडावर हाकत मुंबईला घेऊन आले होते. ते वारल्यावर ती बाबांकडे आली. बाबा परळच्या गिरणीत मागावर होते. सहा दिवस माग आणि सातव्या दिवशी दर्या, असा त्यांचा आठवडा होता. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांची रांग संपली की शेवटची आमची. फार मोठी नव्हती. एक शीड, एक डोलकाठी, चार माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा. आई तिला माझी सवत म्हणायची आणि सवतीसाठी रविवारी पहाटे उठून भाकऱ्या थापायची.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर जात असे. शीड भरलं की बाबा बोलायचे थांबत. मला गप्प बसवणं चाळीत कुणालाच जमलं नव्हतं, पण तिथे मीही थांबत असे. होडीच्या तळाशी उताणी पडायचं आणि वर शिडाकडे बघत राहायचं. कापडातून ऊन झिरपून खाली यायचं, अंगावर दुधट उजेड पडायचा. वरळीची टेकडी हळूच मागे सरायची, गिरण्यांच्या चिमण्या बोटाएवढ्या व्हायच्या. भोंगा झालाच तर पाण्यावरून इतका सावकाश यायचा की तो दुसऱ्याच कुठल्या शहरातला वाटे. मी झोपत असे की जागी असे, मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यात पुढे मला पुष्कळ सुख मिळालं, नाही म्हणणार नाही. पण तसलं पुन्हा नाही मिळालं.

मग बाबांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी मलम दिलं, वैद्यांनी तेल दिलं, पण हात कानाच्या वर जाईना. शिडाचा दोर ओढायला तोच हात लागतो. दोन पावसाळे होडी नारळीच्या झापांखाली नुसती पडून राहिली. लालबागच्या एका वखारीचा मालक दोनदा येऊन गेला. लाकूड जुनं, सागाचं; फोडून दारांच्या चौकटी करू म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण बोलता बोलता तो फळ्यांवर बोटं वाजवायचा, आणि ते बघून बाबा तोंड फिरवायचे.

"पुढच्या पावसाआधी चालवणारो गावलो तर गावलो," बाबा एका संध्याकाळी म्हणाले. "नाय तर वखारवाल्याक दिवची लागतली. तिसरो पावस ती काढूची नाय."

एवढंच होतं. होडी पाण्यात जाणार की चौकटी होऊन कुणाच्या तरी भिंतीत उभी राहणार. बाबा त्यानंतर तो विषय बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागलं नाही.

पहिली पाळी सुटली की ते थेट किनाऱ्यावर यायचे, शाळा सुटली की मी. थंडीचे दिवस, ऊन तिरपं. आम्ही तळाला चिकटलेले शिंपले खरवडले. कुजलेल्या दोन फळ्या कोळीवाड्यातल्या सुताराने बदलल्या. जुन्या फळ्या फुल्यांसकट गेल्या, तेव्हा बाबांनी नव्या फळ्यांवर छोटी फुली काढली, म्हणजे घेणाऱ्याला इथे काम झालंय हे कळावं. सांध्यांमध्ये गिरणीतला टाकाऊ कापूस ठासला. बाहेरून माशाचं तेल पाजलं, त्याचा वास माझ्या केसांत इतका मुरला की वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी तेल प्यायलेलं लाकूड उन्हात असं चमकायचं की आपण ही विकतोय हे मी विसरून जायचे.

आता माझ्या प्रतापाकडे येते. आदल्या वर्षी आमच्या चाळीत जो तो संयुक्त महाराष्ट्राने पेटलेला होता, आणि मी तर सगळ्यांच्या पुढे. मैदानावरच्या सभेसाठी भलामोठा फलक हवा होता आणि कापड पुरेना. घराघरांतून चादरी आल्या. मी बाबांना न विचारता माळ्यावरचं शीड काढून दिलं. लाल तेलरंगाने अक्षरं काढली तीही मीच. 'मुंबईसह' एका चादरीवर आलं, 'संयुक्त' दुसरीवर, 'महाराष्ट्र' दोन चादरी जोडून, आणि शेवटचं 'झालाच पाहिजे' आमच्या शिडावर. सभा दणक्यात झाली. लोकांनी आपापल्या चादरी परत नेल्या. शेजारच्या खोलीतलं जोडपं कित्येक महिने 'संयुक्त'वर झोपत होतं. शीड मी गुपचूप घडी घालून माळ्यावर टाकलं.

होडी विकायची म्हटल्यावर मी ती अक्षरं घालवायच्या मागे लागले. सोडा झाला, रॉकेल झालं, अक्षरं ढिम्म हलेनात. शेवटी कोळणींना विचारून, जाळी रंगवतात ती झाडाची साल आणली, चाळीच्या आवारात घंगाळात उकळली आणि अख्खं शीड त्यात बुडवलं. वाळलं तेव्हा तपकिरी तांबडं झालं होतं, आणि अक्षरं त्यात नाहीशी झाली होती. "जुनं कापड टिकावं म्हणून," मी बाबांना सांगितलं. बाबांनी शिडावरून हात फिरवला आणि बरं म्हणाले. सगळ्या होडीत झाकलेली खोट तेवढी एकच होती, आणि ती माझी.

गिऱ्हाईक आलं ते वलसाडकडचा एक तांडेल, स्वतः होडी हाकणारा. पन्नाशीचा, काळासावळा, हाताचे पंजे रुंद. त्या दिवसांत भाषेवरून लोकांची डोकी भडकलेली होती. चाळीत लगेच कुजबुज झाली की कामगाराची होडी आता गुजरात्याच्या घरी जाणार. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तांडेल मात्र होडीपाशी आला, पहिली फुली बघितली, आणि काही न विचारता तिच्यावर हात ठेवला. मग दुसरीवर. त्यांच्याकडेही हीच रीत असावी. बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. कितीतरी महिन्यांनी त्यांना कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं.

रविवारी दुपारनंतर आम्ही तिघं होडी पाण्यात घेऊन गेलो. दोर तांडेलाने ओढला. शीड वर गेलं, भरलं, आणि बाबा नेहमीसारखे गप्प झाले. तांडेलही गप्प झाला. होडी हलकेच कलली आणि धावू लागली. मी वर बघितलं आणि पुन्हा सात वर्षांची झाले. उजेड आता दुधट नव्हता, तांबूस होता, एवढाच काय तो फरक.

मग होडी वळली आणि मावळतीचं ऊन शिडाच्या मागे आलं. कापड आतून उजळलं. तेलरंगातून ऊन येईना, आणि त्या उजेडात दोन काळे शब्द हळूहळू उमटले, हातहात उंचीचे, माझ्या सुरेख वळणाचे.

वाटलं, संपलं. हा आता होडी फिरवणार, आणि उद्या वखारवाला फळ्यांवर बोटं वाजवायला येणार. माझ्या आगाऊपणाने बाबांची होडी चौकटीला लागणार.

तांडेल मान वर करून एकेक अक्षर लावत होता. "झा... ला... च... पाहिजे," त्याने वाचलं. मग बाबांकडे वळला. "शुं? काय झालाच पाहिजे?"

बाबांनी शिडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"सौदो," बाबा म्हणाले.

मग तांडेल असा हसला की होडी डुलली. "तो थई गयो!" तो म्हणाला, आणि त्याने आपला रुंद पंजा बाबांच्या डाव्या खांद्यावर ठेवला. झाला, म्हणाला.

किनाऱ्याला लागल्यावर बाबांनी खिशातून खडूचा उरलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. रागावले नाहीत. "तुझी खूण तू कर," एवढंच म्हणाले. मी शिडाच्या कोपऱ्यात फुली काढली. तांडेलाने येऊन तिच्यावर हात ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी तो निघाला. मतलई वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत होता. ऊन आमच्या पाठीशी होतं, त्यामुळे शीड नुसतंच तांबडं दिसत होतं, कोऱ्या कापडासारखं. "आवजो," तांडेल ओरडला. त्यांच्यातही निघताना 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. बाबांनी हात वर करायचा प्रयत्न केला. तो कानापर्यंतच गेला. "ये गो," ते होडीला म्हणाले. उत्तरेकडे ती ठिपका झाली आणि धुरकटात मिसळली, तरी आम्ही तिथेच उभे होतो.

पुढे एके दिवशी मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं. परळ-लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या, चाळीत पेढे वाटले गेले, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. संध्याकाळी बघते तर बाबा घरात नाहीत. मी बरोबर किनाऱ्यावर गेले. जिथे आमची होडी असायची त्या रिकाम्या वाळूवर ते बसले होते, उत्तरेकडे तोंड करून. ती आता दुसऱ्या राज्यातली होती. मी पेढा पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण खाल्ला नाही.

"तिच्या शिडार अजून तसाच लिवलेला असतला," ते म्हणाले. "तिका आता कोण सांगतलो, झालो म्हणान?"