कर्दळीचा वाफा आणि सात मासे

आज सोमवारी, सकाळी ठीक सव्वाअकरा वाजता, आमच्या कॉलेजातला कर्दळीचा वाफा पार्किंगसाठी जेसीबीने बुजवला.

मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलचं सांडपाणी या वाफ्यातून स्वच्छ होऊन बागेला जायचं. निवृत्त होईपर्यंत मी हेच शिकवलं. वाफ्याच्या शेवटच्या टाकीत मासे जगले तर पाणी चांगलं, असं मुलांना सांगायचे.

"मॅडम, लई सांगितलं त्यांला, आत मासे हायेत," माळी साहेबराव म्हणाले. त्यांनी बादलीत सात वाचवले होते.

प्राचार्य राजेंद्र म्हणाला, "डबकंच तर होतं, मॅडम." पहिली कर्दळ त्यानेच लावली होती, माझा विद्यार्थी असताना.

नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या या शहरात आता बाग कशावर जगणार? राजेंद्र, शुक्रवारी पाचच्या आत लेखी उत्तर दे. तोवर मासे गारखेड्यात, माझ्या घरी आहेत.