पंधरा अवजारं आणि माझी अनामिका

मुलाच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते, त्याच दिवशी मी उजव्या हाताच्या अनामिकेला एक उघडा चाकू अडकवून घेतला आणि तो निघेना.

हा मूर्खपणा कोवळ्या वयातला, असं म्हणायचीही सोय नाही. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. (आज बहात्तरीत ती बाई मला अगदीच पोरकट वाटते.)

त्याचं असं झालं. आमच्या नितीननं पुण्याहून एक मल्टिटूल आणलं होतं. मुठीएवढं लोखंड, आणि त्यात पक्कड, चाकू, कात्री, करवत, पेचकस धरून पंधरा अवजारं. त्यातली तीन तर कशासाठी आहेत हे ती घडवणाऱ्यालाही ठाऊक नसावं. "आई, आता घरात दुसरं काही लागणार नाही," नितीन म्हणाला. मी लगेच जुनी पक्कड आणि पेचकस भंगारवाल्याला देऊन टाकले. सुधारणेची हौस, दुसरं काय!

पाहुणे यायला तास होता. नितीन त्यांना आणायला सांगलीच्या स्टँडवर गेला होता, आणि पोह्यांच्या कढईच्या झाकणाची मूठ लटलटत होती. म्हटलं, एवढा स्क्रू आवळू.

पातं बाहेर काढायला नखाएवढी खाच. नख घातलं, नख तुटलं. दुसऱ्या नखानं ओढलं तर कात्री आली, आणि तिच्या गळ्यात गळा घालून डबा फोडायचं पातंही आलं. ती जोडी आत ढकलली, तर पलीकडून करवत डोकावली. शेवटी पेचकस सापडला, पण इतका आखूड की तो स्क्रूला लागायच्या आत यंत्राचं पोटच झाकणाला टेकायचं. जोर यावा म्हणून मी त्याच्या शेपटाला असलेल्या कडीत बोट घातलं. पेचकस आपणहून मिटला. (मी मिटवलेला नव्हता.) मग चाकूच्या टोकानं फिरवू म्हटलं. चाकू उघडला, 'खट्' असा आवाज झाला, आणि त्यानंतर चाकू मिटेना आणि बोट निघेना.

आमचे हे धावत आले. "अगं, तेल लाव."

तेल लावलं. बोट होतं तिथंच राहिलं, चाकू मात्र निसरडा झाला.

"पकडीनं कडी तोडू."

"कुठल्या पकडीनं?"

"ह्यातल्याच."

ह्यांनी पक्कड उघडली, वाकवून पाहिली. ती आपल्याच शेपटाला कशी चावणार? मग माहितीचा कागद आणला. त्यात सतरा भाषा होत्या, मराठी नव्हती.

"सहावं चित्र बघ. अंगठ्यानं इथं दाब."

"इथं म्हणजे कुठं?"

"बाण आहे तिथं."

"अहो, बाण चित्रात आहे. माझ्या हातात चाकू आहे."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

नितीनचं हे पाचवं स्थळ. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. "हे मोडलं तर पुन्हा माझ्या लग्नाचं नाव काढू नका," असं त्यानं आम्हाला बजावलं होतं. दहिवडीहून मुलीचे वडील, आई आणि आजी घर बघायला आले होते, आणि मी उजवा हात पदराखाली घेऊन उभी होते. पोहे डाव्या हातानं दिले. पाणी डाव्या हातानं दिलं. मुलीची आई आजींच्या कानाशी लागली. मला सगळं ऐकू आलं.

"आत्या, हातावरनं वारं गेल्यालं दिसतंय. पोरगी सून म्हनून द्यायची का सेवा कराया?"

वडलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. नितीनचा चेहरा उतरला. आणि ह्यांना नेमकं तेव्हाच सुचलं, "अगं, बाईंना कुंकू लाव ना."

कुंकू लावायचं अनामिकेनं, आणि माझी अनामिका शस्त्रसज्ज! मी डावा हात करंड्याकडे नेला. मुलीच्या आईनं कपाळ मागं घेतलं. आता अधू ठरायचं की वेडी, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी वेडी पत्करली आणि हात पदराबाहेर काढला.

मुलीचे वडील उभेच राहिले. "आवं, ह्ये काय?"

"झाकणाचा स्क्रू आवळत होते," मी म्हटलं. (खरं बोलूनही इतकं खोटं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.)

आजी मात्र बसल्या जागेवरून म्हणाल्या, "एक बटाटा आना. आन् दोरा."

बटाटा त्यांनी चाकूच्या टोकाला खोचला. दोऱ्याचं एक टोक कडीखालून ओवलं, उरलेला दोरा बोटाला घट्ट गुंडाळला आणि खालच्या टोकानं हळूहळू उलगडत आणला. कडी गोगलगायीसारखी सरकत सरकत बोटाबाहेर आली. नितीननं ते यंत्र उचललं, बटाटा काढला आणि अंगठ्यानं एका दमात चाकू मिटवला. मला त्याला एक धपाटा घालावासा वाटला.

मुलीचे वडील चपलांकडे बघत होते, तिची आई आजींकडे. मीही आजींकडेच बघत होते. आजींनी माझं सुजलेलं बोट आपल्या हातात घेऊन चोळलं आणि म्हणाल्या,

"घाबरू नगा बाई. सासू लय हुशार आसंल, ह्याचीच आमाला काळजी हुती. ती मिटली. पोरगी दिली तुमास्नी."