लाल रेघेच्या अलीकडे

आमच्या कोहक्याच्या मावसाजींइतका काट्यावर विश्वास ठेवणारा आणि त्याच काट्याला इतका छळणारा माणूस साऱ्या भिलाईत दुसरा सापडायचा नाही. तिथल्या स्टील प्लांटमध्ये त्यांची सारी नोकरी प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकड्या, वाचण्यात गेली. वाचण्याआधी काचेवर बोटानं टकटक करायचं, म्हणजे अडकलेला काटा सुटतो आणि खरं काय ते सांगतो, ही तिथली रीत. मावसाजींनी ती घरी आणली. भिंतीवरचं घड्याळ असो की भंगारवाल्याचा वजनकाटा, आधी टकटक. एकदा डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला घेतला, तर त्या यंत्राच्या काचेवरही यांचं बोट गेलंच. डॉक्टर म्हणाले, "थोडा जास्त आहे." हे म्हणाले, "थोडा म्हंजे किती? रीडिंग सांगा, साहेब."

खोटं रीडिंग म्हणजे त्यांच्या लेखी पाप. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आईनं बायोडाटात माझी उंची मायेपोटी जराशी वाढवली होती. मुलीकडचे पोहे खात बसलेले असताना मावसाजींनी मला भिंतीला उभं केलं, टेप लावला आणि जाहीर केलं, "एक इंच कमी हाय." ते स्थळ गेलं. आईनं अबोला धरला, तर म्हणे, "मी तं दिसलं तेच सांगितलं. काटा कोनाच्या सोयऱ्यातला नसते." तो इंच मी कितीतरी वर्षं विसरलो नव्हतो.

त्यांची एकुलती एक लेक पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा हे तिला दिवसातून दहादा फोन करायचे. एकदा ती चिडलीच. "बाबा, बार-बार फोन मत किया करो ना! मीच करत जाईन रोज, आठच्या आत." त्या दिवसापासून मावसाजींनी स्वतःहून फोन केला नाही. मग तिनं त्यांना एक मनगटी घड्याळ पाठवलं. नवं कोरं, पण दिसायला थेट जुन्या कारखान्यातलं गेज: काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, कडेनं चार स्क्रू, आणि रोज चावी द्यावी लागणारं. आजकाल अशी घड्याळं मुद्दाम बनवतात म्हणे. मावसाजींनी टकटक केली, कानाला लावलं आणि विचारलं, "सगळं बरोबर हाय, पन लाल निशान कुठं हाय? धोका कुठून सुरू होते, हे कसं समजन?" मग लेकीचीच कपाटात राहिलेली नेलपॉलिश शोधून काचेवर आठाच्या आकड्यापाशी त्यांनी लाल रेघ ओढली. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते काट्यावर नजर ठेवायचे. फोन आला की जेवायला उठायचे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जवळच्याच जामुल गावाहून परतताना मी सहज त्यांच्याकडे डोकावलो, तर आठ वाजून गेलेले आणि फोन नाही. मावशी आत उगाचच भांडी वाजवत होती. मावसाजी काचेवर टकटक करत होते, आणि काटा रेघ ओलांडून पुढेच चालला होता.

"तुम्हीच लावा ना फोन," मी म्हणालो.

"तिनं नाई म्हटलं हाय. माह्या फोननं ती चिडली, अन् रोजचा येते तोही बंद झाला, तं मंग मी काय पाहू?"

ते घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. मावसाजींनी तो वाजू दिला. आधी घड्याळाची चावी ओढली, काटा फिरवून लाल रेघेच्या अलीकडे आणला, एकदा टकटक केली आणि मग फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"सॉरी बाबा, बहुत देर हो गई ना? ऑफिसातच अडकली होती मी."

"नाई बेटा," मावसाजी काचेकडे बघत म्हणाले, "लालच्या अलीकडंच हाय काटा. टाइमातच आला तुहा फोन."

माझा इंच मी त्या दिवशी सोडून दिला. घड्याळ अजूनही मागेच आहे. मावसाजी त्याला रोज चावी देतात, पण वेळ काही बरोबर लावत नाहीत. कुणी किती वाजले विचारलं तर आत जाऊन भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगतात. मनगटावरचं लेकीसाठी आहे; तेवढीच तिला सवड.